दोराने झाडावर चढताना: नवख्यांना साहित्य आणि तंत्र देण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक अशा लोकांचे आहेत, ज्यांना स्वतःला दोरावर चढता येतं आणि आता मित्रांना, भावंडांना, सोसायटीतल्या मुलांना वर न्यायचं आहे. सह्याद्रीत प्रस्तरारोहण करून झाडांकडे वळलेलेही त्यांत बरेच आहेत. उत्तरं नवख्याच्या जिवाची काळजी पहिली धरून लिहिली आहेत. अनुभवी माणसाला ती काही ठिकाणी जरा जास्तच कडक वाटतील.

१. शिडीने किंवा नारळावर चढण्यापेक्षा दोराने चढणं वेगळं कसं?

नारळ पाडणारा खोडाला धरून चढतो. हात-पाय सुटले की तो पडतो. दोराने चढताना वजन सुरुवातीपासून दोरावर असतं आणि झाडाला हात लावला नाही तरी माणूस जिथे आहे तिथेच लटकून राहतो.

पद्धती दोन. दुहेरी दोरात दोर फांदीवरून जाऊन परत चढणाऱ्याकडे येतो. एक पदर सॅडलला, म्हणजे चढणाऱ्याच्या कमरेला आणि मांड्यांना बसणाऱ्या पट्ट्यांना, बांधलेला असतो आणि दुसऱ्या पदराला एक गाठ पकडून असते. तिला हिच म्हणतात. एक मीटर दोर ओढला की माणूस अर्धा मीटर वर जातो, पण हिचवर वजनही साधारण निम्मंच येतं. एकेरी दोरात दोराचं एक टोक पक्कं बांधलेलं असतं आणि चढणारा एकाच पदरावर पायांच्या जोराने चढतो. ही पद्धत वेगवान, पण सगळं वजन एकाच पकडीवर. प्रश्न ४ याच फरकाचा आहे.

२. नवख्याला सुरुवात कशाने करून द्यावी?

दुहेरी दोर आणि ब्लेक्स हिच. महागडं काही नको. ११ ते १३ मिमीचा कमी ताणाचा दोर, सॅडल किंवा हार्नेस, हेल्मेट आणि आपोआप लॉक होणारे, तीन हालचालींशिवाय न उघडणारे दोन कॅराबिनर (दोर अडकवायच्या धातूच्या कड्या) पुरतात.

ब्लेक्स हिच बांधायची ती अशी: सॅडलच्या बाजूने येणारं टोक मुख्य दोराभोवती खालून वर चार वेढे घालून न्यायचं. मग ते खाली आणायचं, सॅडलकडून येणाऱ्या पदराच्या पुढून घ्यायचं, मुख्य दोराच्या मागून फिरवायचं आणि खालच्या दोन वेढ्यांच्या आतून बाहेर काढायचं. उरलेल्या शेपटाला आठाची गाठ मारायची आणि गाठीपुढेही वीतभर दोर ठेवायचा.

चूक बहुतेकदा एकाच जागी होते. टोक सॅडलच्या पदराच्या पुढून न नेता थेट आत घुसवलं जातं. अशी गाठ दिसायला हुबेहूब असते, ओढली की पकडते आणि थोडा धक्का बसला की सुटते. म्हणून नवख्याने बांधलेली प्रत्येक गाठ बोटाने वेढे मोजून तपासा. लांबून पाहून 'बरोबर आहे' म्हणू नका.

३. माझ्याकडे हिचच्या जागी दोर पकडणारं चांगलं मेकॅनिकल डिव्हाइस आहे. तेच दिलं तर नवख्याला सोपं जाणार नाही का?

चढायला सोपं जाईल. धोका उतरताना आहे. दाबलं की दोर सोडतं अशीच यांतल्या बहुतेक साधनांची रचना असते आणि घाबरलेला माणूस हातात येईल ते घट्ट धरतो. त्याने डिव्हाइसच धरलं की ते सुटतं, सुटलं की तो आणखी घट्ट धरतो.

हिचलाही हीच खोड आहे. वरून मुठीत पकडून खाली दाबली की ती सरकते. म्हणून साधन कोणतंही असो, पहिला धडा जमिनीपासून अर्ध्या मीटरवर द्या. नवख्याला लटकू द्या, दोन्ही हात सोडून डोक्यावर ठेवायला लावा, मग एका हाताने हळूहळू खाली यायला सांगा. त्यानंतर अचानक 'सोड!' म्हणा आणि त्याचे हात कुठे जातात ते पाहा. हात साधनाकडे गेले तर त्या दिवशी त्याला वर पाठवू नका.

दुसरी गोष्ट दोराच्या जाडीची. प्रत्येक डिव्हाइसवर दोराचा व्यास छापलेला असतो. ११.५ ते १३ मिमीसाठी बनवलेलं साधन १०.५ च्या नव्या, गुळगुळीत दोरावर पकड सोडू शकतं. साधन एकाचं आणि दोर दुसऱ्याचा असेल तर हे आधी तपासा. उधारीत नेमकं हेच विसरलं जातं.

नवखा न विचारता, न बघता दहापैकी दहा वेळा हिच बरोबर बांधू लागला की डिव्हाइस द्यायला हरकत नाही. गाठ जमलेल्या माणसाला ते साधन काय काम करतं हे कळलेलं असतं.

४. दुहेरी दोरावरची हिच एकेरी दोरावर चालेल का?

नुसती हिच चालत नाही, आणि ही चूक जाणकारांकडूनही होते. एकेरी दोरात हिचवर पूर्ण वजन येतं. ती एवढी आवळते की उतरताना सुटत नाही. जोर लावून सोडवली तर एकदम घसरते आणि तापते. एकेरी दोरावर हिच वापरायची तर तिच्या वर दोराला वाकवून घर्षण वाटून घेणारं वेगळं साधन लागतं.

उष्णता किती नुकसान करते ते आकड्यांत पाहा. नायलॉनचा एक प्रकार सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळतो, पॉलिएस्टर २६० च्या आसपास आणि डायनीमासारखं पॉलिएथिलिन साधारण १४५ लाच. म्हणून हिच वेगळ्या दोरीने बांधत असाल तर ती दोरी डायनीमाची नको. उष्णता सहन करणाऱ्या अरॅमिडच्या आवरणाची ८ ते १० मिमीची दोरी घ्या. आणि नवख्याला पहिल्या दिवसापासून चालण्याच्या वेगापेक्षा हळू उतरायची सवय लावा.

५. नवखा वर घाबरून अडकला तर खाली कसा आणायचा?

चढवण्याआधी याचं उत्तर तयार नसेल तर त्याला चढवू नका. आमच्या मते या पानावरचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

चढणाऱ्याचा दोर थेट फांदीवर टाकू नका. आधी दुसरा दोर फांदीवरून न्या. त्याच्या टोकाला आठाची गाठ मारून कॅराबिनर आणि रिंग लावा आणि चढणाऱ्याचा दोर त्या रिंगेतून ओवा. रिंग फांदीपर्यंत वर ओढून या दुसऱ्या दोराचं खालचं टोक बुंध्याला बांधलेल्या डिसेंडरमध्ये (दोर सावकाश सोडणाऱ्या साधनात) घाला आणि डिसेंडर गाठ मारून बंद करा. माणूस अडकला की जमिनीवरचा माणूस ती गाठ सोडतो आणि सगळी व्यवस्था चढणाऱ्यासकट खाली येते. वर चढायची वेळच येत नाही.

दोराचं गणित असं. फांदी १२ मीटरवर असेल तर वरच्या रिंगपासून १२ खाली बुंध्यापर्यंत आणि उतरवायला आणखी १२, म्हणजे २४ मीटर. गाठी, बुंध्याभोवतीचा वेढा आणि भरपूर राखीव धरून ४५ मीटरचा दोर घ्या. चढणाऱ्याचा स्वतःचा दोर ३० मीटर पुरतो. दोन्ही दोरांच्या मोकळ्या टोकांना गाठ असलीच पाहिजे. दोर संपल्याचं कळायच्या आत टोक डिसेंडरमधून निसटलं, तर वरचा माणूस खालीच येतो.

या व्यवस्थेची किंमत फांदी मोजते. टोक बुंध्याला बांधलं की फांदीवर कप्पीसारखा दोन्ही पदरांचा ताण येतो. ८० किलोच्या माणसाचे फांदीला सुमारे १६० किलो लागतात, हिसके वेगळे. म्हणून इथे फांदी नेहमीपेक्षा जाड हवी. प्रश्न ७ पाहा.

६. आमच्याकडे ट्रेकचा दोर, हार्नेस आणि जुमार (दोरावर फक्त वर सरकणारी दातेरी पकड) आहेत. तेच वापरावेत का?

हार्नेस चालेल, पण तासभर लटकलं की मांड्यांचे पट्टे रुततात. बिलेचा, म्हणजे कड्यावर चढणाऱ्याला खालून सांभाळायचा, डायनॅमिक दोर मात्र चढायला नको. पडणाऱ्याला झेलण्यासाठी तो ताणला जावा अशीच त्याची रचना असते. झाडावर प्रत्येक खेचीला तो रबरासारखा खाली-वर होतो आणि फांदीला घासतो. कमी ताणाचा, ईएन १८९१ (युरोपीय मानक) प्रकार 'ए' असं लिहिलेला दोर घ्या.

अशा दोरावर ढील देऊन पडणंही तितकंच घातक, कारण तो धक्का गिळत नाही. चढणाऱ्याच्या वर कधीच ढील नको आणि अँकरच्या, म्हणजे दोर जिथे अडकवला आहे त्या जागेच्या, वरही कुणी चढू नये. जुमारचे दात साधारण ४ ते ६ किलोन्यूटनच्या (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलोचा भार) धक्क्याला दोराचं आवरण फाडू शकतात. चढायला जुमार ठीक, पण एकट्या जुमारवर नवख्याचा जीव ठेवू नका.

हेल्मेट गिर्यारोहणाचं, ईएन १२४९२ चं, असावं. बांधकामाच्या हेल्मेटची हनुवटीची पट्टी ओढ बसली की सुटावी अशीच केलेली असते.

७. मुंबईतली कोणती झाडं चांगली आणि फांदी कशी निवडायची?

चिंच आणि वड ही भरवशाची झाडं. जुना, निरोगी पर्जन्यवृक्षही चांगला. पण मिलीबग या किडीमुळे मुंबईत कित्येक पर्जन्यवृक्ष वाळले आहेत, तेव्हा शेंड्याला पालवी आहे का ते आधी दुर्बिणीने पाहा. आंबा आणि जांभूळ जाड फांदीवर ठीक. गुलमोहर आणि शेवगा नाहीच. त्यांचं लाकूड ठिसूळ असतं आणि गुलमोहर तर पावसाळ्यात उभाच्या उभा आडवा होतो. असुपालवाच्या फांद्या बारीक आणि खाली झुकलेल्या असतात, त्यांवर दोर ठरत नाही.

फांदी जिवंत हवी. खोडापासून हातभराच्या आत दोर बसावा आणि तिथे जाडी किमान १० सेंटिमीटर असावी. प्रश्न ५ मधली बुंध्याशी बांधायची पद्धत असेल तर १५ धरा. फांदीचा सांधा पाहा. इंग्रजी 'व्ही'सारख्या अरुंद बेचक्यात साल आत दबलेली असेल तर तो सांधा कमकुवत असतो. रुंद, 'यू'सारखी बेचकी चांगली.

मग नजर खाली वळवा. मुंबईत मुळांचं नुकसान फार होतं. बुंध्याला काँक्रीट लागलेलं आहे का, एका बाजूने केबलसाठी चर खणलेला आहे का, बुंध्यावर शिंपल्यासारखी बुरशी फुटली आहे का, हे बघा. यांतलं काहीही दिसलं तर दुसरं झाड शोधा, फांदी कितीही सुंदर असो.

८. फांदी वजन घेईल हे चढण्याआधी कसं कळणार?

दोराचं एक टोक बुंध्याला बांधा. दुसऱ्या पदरावर दोघांनी मिळून आधी हळूहळू, मग हलके हिसके देत वजन टाका. हेल्मेट घालून आणि फांदीच्या थेट खाली न उभं राहता. त्या वेळी कान द्या. सुकी फांदी तुटण्याआधी बारीक कडकडते. आवाज आला, वाळकी पानं किंवा सालीचे तुकडे पडले, तर दोर काढा.

९. थ्रो-बॅग फांदीवर पडतच नाही. काय चुकतंय?

थ्रो-बॅग म्हणजे दोर वर नेण्यासाठी आधी बारीक दोरी बांधून फांदीवरून फेकायची वजनदार पिशवी. बहुतेक वेळा ती हलकी असते. ३५० ते ४०० ग्रॅमची घ्या. दोरी साधारण २ मिमीची, आणि ती बादलीत किंवा कापडी डब्यात सैल टाकलेली असावी, हाताला गुंडाळलेली कधीच नको. सोसायटीच्या आवारात फेकताना मागच्या गाड्या आणि खिडक्या बघा. पिशवी बेचक्यात अडकली तर दोरी हाताला वेढून खेचू नका. ती सुटली की गोळीसारखी तोंडावर येते.

१०. साहित्य उधार देण्याआधी काय तपासावं?

दोर पूर्ण लांबीभर बोटांतून सरकवा आणि दर वीतभर अंतरावर त्याचा लहान फास करून पाहा. फास सगळीकडे सारखाच गोल व्हायला हवा. कुठे चपटा पडला, बोटाला मऊ पोकळी लागली किंवा आवरण चकचकीत आणि कडक झालेलं दिसलं, तर तिथे दोर आतून इजा झालेला किंवा भाजलेला आहे. तो तिथे कापा आणि उरलेले तुकडे चढायला वापरू नका.

कॅराबिनरचं गेट अगदी थोडं उघडून सोडा. ते आपोआप मिटून लॉक झालंच पाहिजे. नुसतं पूर्ण उघडून सोडल्यावर मिटलं म्हणजे ठीक, असं नाही. सॅडलचा पुढचा दोरीचा पूल आणि शिवण उजेडात पाहा.

प्रत्येक वस्तूवर नंबर टाका. वहीत खरेदीची तारीख, कुणी नेलं आणि कधी पडलं ते लिहा. कापडी साहित्याला बहुतेक उत्पादक जास्तीत जास्त १० वर्षं देतात, न वापरलेलं असलं तरीही. परत आणून देणाऱ्याला विचारा, 'काही पडलं का, काही ओलं झालं का?' आणि खरं सांगणाऱ्यावर कधी रागवू नका. रागावलात तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

११. जुन्या बाजारात स्वस्त कॅराबिनर मिळतात. घ्यावेत का?

नाही. अंगावर कोरलेले किलोन्यूटनचे आकडे नसतील तर तो किचेनच. आकडे असले तरी तो किती उंचीवरून पडला हे कुणालाच ठाऊक नसतं. चढाईचा कॅराबिनर लांबीच्या दिशेने किमान २२ किलोन्यूटनचा असावा.

१२. मुंबईच्या दमट हवेत साहित्य ठेवायचं कसं?

खारी हवा ॲल्युमिनियमवर पांढरी पूड आणते आणि गेटची स्प्रिंग अडकते. समुद्राजवळ चढून आलात की कॅराबिनर गोड्या पाण्यात धुवा, पुसा, वाळवा.

दोर ३० अंशांपर्यंतच्या पाण्यात सौम्य साबणाने धुवून सावलीत सुकवा. ओला दोर पिशवीत राहिला तर जुलैत दोन दिवसांत कुबट वास येतो. ओलं नायलॉन १० ते १५ टक्के ताकद गमावतं. वाळलं की ती परत येते. रसायनांनी गेलेली ताकद मात्र परत येत नाही. लहान घरांत साहित्य बहुतेकदा इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी, बाथरूमच्या माळ्यावर किंवा स्कूटरच्या डिकीत जातं. बॅटरीच्या आम्लाची वाफ आणि फरशी धुण्याचं ॲसिड नायलॉन खातं, आणि दोर बाहेरून जसाच्या तसा दिसतो. या तिन्ही जागा टाळा.

१३. वडाचा चीक दोराला लागला आहे. पेट्रोलने काढू का?

पेट्रोल, थिनर, रॉकेल काहीच नको. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश. डाग राहिला तर राहू द्या, पण त्या जागी हिच नीट पकडते का ते जमिनीवर तपासा. चीक लागूच नये म्हणून फांदीवर घर्षण-रक्षक पट्टा किंवा प्रश्न ५ मधली रिंग वापरा. दोराच्या घासण्याने सालीखालचा जिवंत थर जळतो, तोही त्यामुळे वाचतो. जिवंत झाडावर काट्यांचे बूट घालून कधीच चढू नका.

१४. पावसाळ्यात चढता येतं का?

नवख्यांना जून ते सप्टेंबर चढवू नका. सालीवर शेवाळ असतं, ओल्या दोरावर हिच वेगळी वागते आणि भिजलेल्या मातीत झाडाची पकड सैल होते. इतर महिन्यांतही गडगडाट ऐकू आला की खाली या आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. वादळ येऊन गेलेल्या झाडावर लगेच चढू नका. तुटून वरच लटकलेल्या फांद्या खालून दिसत नाहीत.

१५. मुंग्या, मधमाश्या, घरटी यांचं काय?

पानं शिवून केलेली घरटी दिसली तर त्या तांबड्या मुंग्या, ओंबील. आंब्यावर त्या हमखास असतात. त्या चावल्या की नवखा हिच सोडून हात झटकतो. आग्या मधमाशीचं पोळं असेल तर त्या झाडाच्या जवळपासही नको. दोर बांधलेला माणूस पळू शकत नाही. घारी हिवाळ्यात आणि कावळे पावसाळ्याच्या तोंडावर घरटी करतात. पक्षी डोक्यावर झेपावायला लागला की तो दिवस त्याचा, झाड सोडा.

१६. विजेच्या तारांपासून किती अंतर?

तुम्ही, तुमचा दोर आणि थ्रो-बॅग, तिघांनीही किमान ३ मीटर दूर राहावं. जास्त दाबाची तार असेल तर ते झाडच नको. उपनगरांत एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे ओढलेल्या केबल असतात. त्या निर्जीव आहेत असं धरून चालू नका. खोडाला गुंडाळलेली रोषणाई असेल तर ती सोसायटीकडून काढून घ्या. नुसता स्विच बंद करणं पुरेसं नाही, कारण टायमरवर ती मध्येच सुरू होते.

१७. परवानगी कुणाची लागते?

सोसायटीच्या आवारात कमिटीची, लेखी. महापालिकेच्या बागेत उद्यान खात्याची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन खात्याच्या परवानगीशिवाय झाडाला दोर लावूच नका. चढायला अडते म्हणून फांदी छाटू नका. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार झाड तोडायला आणि छाटायला परवानगी लागते.

१८. लहान मुलांना चढवता येईल का?

येईल, पण पूर्ण अंगाच्या हार्नेसमध्ये. मुलांची कंबर भरलेली नसते. कमरेचा हार्नेस निसटू शकतो आणि मूल उलटं झालं तर त्यातून बाहेर पडू शकतं. प्रश्न ५ मधली व्यवस्था इथे सक्तीची समजा. चढण त्यांनी करावी, उतरवण्याची जबाबदारी जमिनीवरच्या मोठ्याने घ्यावी. गळ्यातले दोरे, ओढण्या, मोकळे केस आधी आवरून घ्या.

१९. नवखा करवतीने वाळकी फांदी कापू म्हणतो. द्यावी का?

नको. ताणलेल्या दोराला करवतीचं पातं नुसतं टेकलं तरी दोर तुटतो. कापणारा माणूस नेहमी दोन ठिकाणी बांधलेला असतो आणि ते वेगळं शिक्षण आहे.

२०. वर लटकलेला माणूस बेशुद्ध पडला तर?

लगेच खाली आणा. हार्नेसमध्ये निश्चल लटकलेल्या माणसाची प्रकृती काही मिनिटांतच ढासळू शकते. अग्निशमन दलाची वाट बघत त्याला वर ठेवू नका. एकाने खाली उतरवायचं, दुसऱ्याने १०८ किंवा ११२ ला फोन लावायचा. म्हणून नवख्याखेरीज खाली दोन माणसं हवीतच. जमिनीवर आल्यावर त्याला नेहमीसारखं आडवं झोपवा आणि श्वास पाहा. बसवून ठेवावं असा जुना सल्ला ऐकला असेल, पण त्याला आधार सापडलेला नाही.

२१. गावाकडच्या भावाला व्हिडिओ पाठवून शिकवलं तर चालेल?

गाठी शिकवायला चालेल, चढवायला नाही. उलट बांधलेली ब्लेक्स हिच फोनवर ओळखू येत नाही. त्याला खुर्चीच्या पायाला शंभर वेळा गाठ बांधू दे. चढायचं ते तुम्ही तिथे गेल्यावर.

२२. नवखा वर असताना मीही त्याच झाडावर चढू का?

खाली उतरवणारा तिसरा माणूस डिसेंडरपाशी उभा असेल तरच. तुमचा दोर वेगळ्या फांदीवर हवा. आणि नवख्याच्या थेट वर कधीच राहू नका. तुमच्या पायाने सुटलेली मनगटाएवढी वाळकी फांदी दहा मीटर खाली त्याच्या खांद्यावर पडते, आणि हेल्मेट खांदा झाकत नाही. बाजूने, त्याच्याच उंचीवर राहा, म्हणजे त्याची हिच तुम्हाला दिसेल आणि त्याला तुमचा चेहरा.